मगदूम सरांनी माईक खाली ठेवला

भूपाल मगदूम यांचे यंदा चैत्रात, जत्रांचा हंगाम भरात असताना, सांगलीत निधन झाले. विटा आणि कराडच्या दरम्यान रस्त्यालगतच्या एका गावात, तिथल्या माध्यमिक शाळेत ते मराठी शिकवत. निवृत्तीआधीची काही वर्षे ते शाळेचे समुपदेशकही होते. हंगामात ते कुस्ती मैदानांचे निवेदन करत.

निधनवार्तेत एवढे बसते. ती मी लिहिली नाही. मी निवृत्त झालो आहे आणि दैनिकाच्या डेस्कवर आता नवी माणसे आहेत. त्यांनी लिहिलेली बातमी बिनचूक होती. एक गोष्ट मात्र तिच्यात नव्हती, कारण ती त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. अखेरच्या वर्षांत सरांच्या निवेदनात एक सवय शिरली होती. खाली पडलेल्या पैलवानाची पाठ मातीला लागते आहे असे सगळ्या मैदानाला दिसत असायचे, लोक उठून उभे राहायचे, आणि नेमक्या त्या क्षणी सर गप्प व्हायचे. नवख्यांना माईक बंद पडला असे वाटायचे. कोणीतरी हमखास ओरडायचे, "आवं सर, बोला की! वायर निसटली काय?" सर पंचांकडे बोट दाखवायचे आणि पंचांचा हात वर गेल्यावरच तोंड उघडायचे.

त्याआधी ते असे नव्हते. उलट पंचांच्या अर्धा श्वास आधी बोलणे हीच त्यांची ख्याती होती. हा बदल कसा झाला ते मी पाहिले आहे.

मी सांगलीच्या एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत उपसंपादक होतो. बाकी वर्षभर डेस्क, पण जत्रा सुरू झाल्या की कुस्तीची बातमी माझ्याकडे. बाहेरच्या माणसाला हे काम सोपे वाटते. कोण जिंकले, कोण हरले, संपले. प्रत्यक्षात मैदानात दुपारी एकाच वेळी अनेक जोड्या झुंजत असतात. लाल मातीत लोळल्यावर दोन्ही पैलवान एकाच रंगाचे होतात. नावे तीच तीच. बातमीला मात्र चार गोष्टी पक्क्या लागतात: जिंकणारा कोण आणि कुठला, हरणारा कोण आणि कुठला, निकाल चितपट, गुणांवर की बरोबरीत, आणि डाव कोणता. यातली चौथी सगळ्यांत अवघड. नाव चुकले तर फोन येतो. डाव चुकला तर वस्ताद स्वतः ऑफिसात येतो.

वस्ताद म्हणजे पैलवानाचे गुरू. कराडकडचे एक वस्ताद हंगाम सुरू होण्याआधीच येऊन बसायचे. "आमचं काय जास्ती म्हननं न्हाई. पोरगा जिंकला तर फोटू, हरला तर नाव नगं. येवढंच." एका पैलवानाचे मामा भांडायला आले होते की भाचा हरला नाही, घसरला, आणि तसे छापा. मी विचारले, घसरल्यावर पाठ लागली का? ते म्हणाले, "लागली, पर घसरल्यामुळं."

अशा वेळी माझा आधार एकच होता, मगदूम सरांचा माईक. त्यांच्या तोंडून डावाचे नाव आले की मी डोळे मिटून लिहीत असे.

सर बुटके, किरकोळ अंगाचे. कृष्णाकाठच्या जैन शेतकरी घरातले. स्वतः आखाड्यात कधी उतरले नाहीत. "कुस्त्या भावानं मारल्या, मी नुसत्या सांगितल्या," असे म्हणायचे. दिवस मावळायच्या आत ते पंचांच्या टेबलावरच डबा उघडायचे आणि तेवढा वेळ माईक दुसऱ्याकडे द्यायचे. लोक म्हणायचे, सरांचा डबा उघडला, आता मोठ्या जोड्या येणार.

आणि माईकवर हा माणूस दुसराच व्हायचा. "आला, आला, आला! डाव्या पायावर आला! अरं मनगट बघा, मनगट! सोडवलं! ह्यो खाली, त्यो वर, आता त्यो खाली! बाप सैन्यात, पोरगं मातीत, आज घरात टीव्ही लावून बसलेली आई बघतीया, उठ रं वाघा! हलगी! हलगी का झोपली?" हलगीवाला त्यांच्या आवाजावर हात चालवायचा. वर्गात शुद्धलेखनासाठी कान पिळणारा माणूस मैदानात गावाची बोली बोलायचा आणि त्यात त्याला काही विसंगत वाटत नसे.

शाळेत त्यांच्यापुढे एक अडचण होती. विट्याकडची कितीतरी माणसे गलाईच्या धंद्यात आहेत. जुने सोने-चांदी वितळवून शुद्ध करायचे, आणि त्यासाठी देशभरच्या शहरांत दुकाने थाटायची. मुले तिकडे वाढतात, तिकडच्या भाषेत शिकतात, आणि मध्येच कधीतरी दहावीसाठी गावी आणून सोडली जातात. घरात मराठी बोलतात, पण वाचताना अडखळतात. अशी मुले सरांच्या वर्गात दरवर्षी असत. पुढे शाळेने सरांना समुपदेशनाचे छोटे प्रशिक्षण घ्यायला पाठवले आणि परत आल्यावर खेळाच्या साहित्याची खोली दिली. तिथे लेझमी, गोळे, फाटक्या गाद्या. दारावर 'समुपदेशन कक्ष' अशी पाटी लागली. मुले गाद्यांच्या ढिगावर बसत आणि त्या खोलीला मैदान म्हणत.

सरांची तिथली पद्धत निवेदनातूनच आली होती. कोईमतूरहून आलेला एक मुलगा मराठीच्या तासाला रोज आजारी पडायचा. आता त्याचे तिकडे स्वतःचे दुकान आहे. त्याने मला फोनवर सांगितले ते असे.

सरांनी विचारले, "काय झालं?"

"मला मराठी येत न्हाई."

"हा निकाल झाला. कुस्ती सांग."

"म्हंजे?"

"म्हणजे तू वाचायला उठलास. पुस्तक कुठल्या हातात होतं?"

"उजव्या."

"पुढं?"

"पयली वळ वाचली. दुसरीत अडाकलो. मग हसली."

"कोण?"

"सगळी."

"सगळी एकदम हसत नसतात. पहिलं कोण हसलं?"

मुलगा गादीचा कापूस उपसायला लागला. सर म्हणाले, "सांग की. कुणाला भ्यायला लागलास?"

"तुमी हसलासा, सर."

सरांनी खाली पडलेली एक लेझीम उचलून ढिगावर ठेवली. मग म्हणाले, "बरोबर. पहिला मीच." दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या वर्गात उभे राहून वाचणे बंद झाले. जोडीजोडीने, बसल्या जागी, एकाने वाचायचे आणि दुसऱ्याने बोट ठेवायचे. मुलाला किती गुण पडले ते त्याला आठवत नाही. उत्तीर्ण झाला हे नक्की.

निकाल सांगू नको, कुस्ती सांग. ही सूचना मी नंतर डेस्कवरच्या नव्या बातमीदारांना उसनी देत असे. त्यांना ती माझीच वाटायची.

सानिका निकम ही याच शाळेची मुलगी. वडील विलास निकम यांचे सेलमला गलाईचे दुकान, आई तिकडेच. सानिका गावी आत्याकडे राहून शिकत होती आणि पहाटे तालमीत जात होती. तिची दहावीची परीक्षा संपली त्याच सुमारास आत्याचे मुलाकडे पुण्याला जायचे ठरले. जत्रेसाठी विलास निकम गावी आले आणि मुलीला घेऊन जायचे असे सांगायला शाळेत गेले. त्या खोलीत जे बोलणे झाले ते मला सरांनी सांगितले. विलास निकम यांनी नंतर दुजोरा दिला.

निकम गाद्यांवर बसले. तेजाबाने त्यांची बोटे पिवळी पडलेली होती. "सर, पोरगीला हितं कुनाच्या भरवशावर ठिवू? तिकडं तिची आई दिसभर एकटी. पोरगी आली तर दोघीस्नीबी बरं."

"सांगलीच्या तालमीत मुलींची राहायची सोय आहे. मी बोलून ठेवलंय."

"आनि कुस्ती करून व्हनार काय? कान मोडून घेनार आनि लग्नाला आडनार."

सानिका म्हणाली, "कान केसाखाली झाकतोय की, पप्पा."

निकमांना हसू आवरले नाही. मग ते म्हणाले, "बरं. गावच्या जत्रंत तुझी जोड लागलीया न्हवं? जिंकलीस तर ऱ्हा. पडलीस तर मुकाट्यानं सेलमला. मंजूर?"

"मंजूर."

सरांना हे पटले नाही. "एका कुस्तीवर पोरीचं ठरवू नका, निकम."

"आवं सर, एका कुस्तीवर माणसांची घरं फिरल्याली तुमीच तर माईकवर सांगतासा."



गावाचे नाव इथे देत नाही. तिथली यात्रा कमिटी अजून तीच आहे. मैदानाला गर्दी नेहमीसारखी, म्हणजे झाडांवरसुद्धा. सानिकाची जोड कराडच्या तालमीतल्या काजल थोरातशी. मुलींची कुस्ती असली की पूर्वी लोक चहाला उठायचे. आता उठत नाहीत, उलट पुढे सरकतात.

कुस्ती लागली आणि सर सुटले. "गावची सानिका, कराडची काजल! आत्याच्या घरचं दूध आणि सेलमचं पाणी, बघू कशाला जोर जास्त! पट काढला! सानिकानं पट काढला! न्हाई, काजल निसटली, आरारारा, काय निसटली!" पट काढणे म्हणजे पाय धरून खेचणे. काजल उंच, लांब हातांची. तिने समोरून कमरेला मिठी घातली, पायात पाय अडकवला आणि मागे फेकले. याला लपेट म्हणतात. सानिका पाठीवर जाणार तोच तिने मान मातीत रोवली, अंगाचा पूल केला आणि एक खांदा वर धरून ठेवला. दोन्ही खांदे टेकल्याशिवाय कुस्ती होत नाही.

हे मला नंतर कळले. त्या क्षणी माझ्यापुढचे सगळे उभे राहिले होते. सरांचे टेबल माझ्या शेजारी. त्यांना दिसत होती ती काजलची पाठ आणि सानिकाचे वर आलेले पाय.

"चितपट! चितपट! कराडची काजल थोरात!"

हलगी कडाडली. लोक आखाड्यात शिरले. काजलने पकड सोडली. पंच पलीकडच्या बाजूला गुडघ्यावर होते. ते उठले, त्यांनी माईककडे पाहिले आणि काजलचा हात वर केला. कोणीतरी तिला फेटा बांधला, कोणीतरी खांद्यावर घेतली.

गर्दी तिच्यामागे सरकली तेव्हा आखाडा मोकळा झाला. सानिका तिथेच होती. तिच्या अंगावर कोणी नव्हते, तरी ती मानेच्या पुलावरच होती, एक खांदा वर.

सरांनी माईक टेबलावर ठेवला. बंद न करता ठेवला. त्याचा धप्पकन आवाज सगळ्या भोंग्यांतून मैदानभर गेला.

थोड्या वेळाने ते चहाच्या गाड्यावर मला शोधत आले.

"रफिकभाई, काय लिहिलंत?"

"काजल थोरात विजयी, चितपट, डाव लपेट."

"चितपट लिहू नका."

"पंचांनी हात वर केलाय, सर."

"पंचांनी माझं ऐकून केला."

"खांदा वर होता, हे तुम्ही पाहिलंत?"

"नाही. टेकला, हेही नाही पाहिलं. तेच सांगतोय."

मी पंचांना गाठले. नाव छापणार नसाल तर सांगतो, म्हणाले. ते नाव मी आजही छापत नाही. "मी पल्याडच्या अंगाला हुतो. माईकवर आलं, म्हनलं लागली असंल पाठ. एवढ्या वर्सांत सरांचं कवा चुकलंय?" मग मोबाईल पाहिले. आजच्या काळात मैदानातली प्रत्येक कुस्ती डझनभर मोबाईलांत असते. मला मिळतील तेवढ्या चित्रफिती मी पाहिल्या. सगळ्यांत लपेट होती, सानिका मागे जाताना होती, आणि मग आभाळ होते. चितपट ऐकताच प्रत्येकाने हात वर करून उडी मारली होती.

कुस्तीत एकदा फेटा बांधला, हलगी वाजली की निकाल फिरवायची रीत नाही. बातमीतही पंचांचा निर्णय तोच निकाल. दुसऱ्या दिवशी आम्ही निकाल जाहीर झाला तसा दिला आणि खाली एक वाक्य जोडले: पाठ लागल्याचे आपण पाहिले नव्हते, घोषणा घाईने झाली, असे निवेदक भूपाल मगदूम यांनी सांगितले. निवेदकाचे असे वाक्य आमच्या पानावर त्याआधी आले नव्हते. त्यानंतरही आल्याचे मला आठवत नाही.

यात्रा कमिटी भडकली. अध्यक्षांचा सरांना फोन गेला. "सर, पोरगी आमच्याच गावची, मान्य. पर तुमी आमची जत्राच पेपरात खोटी पाडली की!" सर म्हणाले, जत्रा खरी आहे, मी खोटा पडलो. आणि ती कुस्ती पुन्हा लागेपर्यंत माईक धरणार नाही. हंगाम ऐन भरात होता. चार गावांनी त्यांच्या नावाची पत्रके छापली होती.

सर निकमांच्या घरी गेले. निकम म्हणाले, "पंचांनी हात वर केला. बोली ती बोली. परवाची गाडी हाय सेलमची." सानिका चुलीपाशी बसून होती. सरांनी तिला नेहमीसारखे विचारले, काय झालं?

"निकाल तुमी सांगून मोकळं झालासा," ती म्हणाली. "आता कुस्ती कसली सांगू?"

हे मला सरांनी सांगितले ते माझ्या मोटारसायकलच्या मागे बसून, कराडच्या रस्त्यावर. त्यांना काजलच्या वस्तादांकडे जायचे होते. मी गेलो कारण बातमी अर्धी होती, आणि खरे सांगायचे तर मला घरी बसवत नव्हते.

तालीम नदीकडच्या बाजूला. दुपारची वेळ, आत काजल एकटी दोरावर चढत होती. वस्तादांनी सरांचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाले, "जिंकल्याली कुस्ती परत लावतंय का कुनी? सर, तुमी शिकल्यालं मानूस. उन्हात फिरल्यासा का काय?"

दोरावरून आवाज आला. "वस्ताद, तिचा खांदा वर हुता."

"आं?"

काजल खाली उतरली. "माझ्या दंडाला लागत हुता की. मी दाबतच हुते. ह्ये वरडले म्हनून सोडलं."

"मग तवाच का बोलली न्हाईस?"

"तुमी फेटा बांधाय लागला. डोळ्यावर आला फेटा. बोलू कुठनं?"

वस्ताद मोठ्याने हसले. "बघा, ही आमची पोरगी. जिंकूनबी त्वांड पाडून बसलीया कालपास्नं, मला वाटलं पोट दुखतंय." मग सरांकडे वळले. "लावतो कुस्ती. पर एक अट. तुमचा माईक नगं."

"मी तेच मागायला आलो होतो," सर म्हणाले.

शेजारच्या गावची जत्रा दुसऱ्याच दिवशी होती, निकमांच्या गाडीच्या आदल्या दिवशी. तिथले अध्यक्ष कुस्तीला तयार झाले, माईकचे ऐकून मात्र त्यांनी डोक्याला हात लावला. "बिनमाईकची कुस्ती म्हंजे बिनबँडची वरात. लोक उठून जातील." शेवटी मोठ्या जोड्यांच्या आधी जागा मिळाली. माईक बंद, हलगी चालू. काजलचे म्हणणे कळल्यावर निकमांनीही जुनीच बोली या कुस्तीला लावली.

लोक उठून गेले नाहीत. पहिल्यांदा नुसता कल्ला झाला. "माईक का बंद? लाईट गेली का?" सर टेबलावर नव्हते. ते माझ्या शेजारी गर्दीत मातीवर मांडी घालून बसले होते. मग सलामी झाली, दोघींनी एकमेकींना माती लावली, आणि हळूहळू मैदान असे शांत झाले की पाय घासल्याचा आवाज ऐकू यायला लागला. मी इतकी वर्षे मैदाने केली. पैलवानाचा श्वास मी पहिल्यांदा ऐकला. सर्वांत पंचाईत हलगीवाल्याची झाली. सरांच्या आवाजावर हात चालवायची सवय. कुठे वाढवायचे, कुठे थांबायचे ते कळेना. तो सारखा गर्दीत सरांना शोधत होता.

सरांचे ओठ हलत होते. शेजारी असल्यामुळे मला ऐकू येत होते. "मनगट... मनगट सोडव... खाली बघू नको..."

काजलने पुन्हा लपेट घातली. तीच मिठी, तोच पाय. सानिका मागे गेली आणि पुन्हा मानेच्या पुलावर आली. सगळे मैदान ताडकन उभे राहिले. मागून कोणीतरी ओरडले, "चितपट!" आणि त्याच्या भोवतीचेच लोक त्याच्यावर तुटून पडले. "गप रं! गप! तुला काय ठावं?" सर मात्र गप्प होते. ओठसुद्धा हलत नव्हते.

हे पंच निराळे होते. धोतर नेसलेले, वयस्क. त्यांनी लाल मातीत चक्क पालथे अंग टाकले, गाल जमिनीला लावला आणि सानिकाच्या खांद्याखालून पलीकडे पाहिले. मग पडल्या पडल्याच बोट हलवले. नाही.

असा आवाज मी ऐकलेला नाही. हजारो माणसे एकदम ओरडली आणि पुढच्या क्षणी आपणहून चूप झाली. सानिकाने कंबर वळवली, एक हात सोडवला, पालथी झाली, निसटली. दोघी समोरासमोर उभ्या. दोघींच्या छातीचे भाते चाललेले. पुन्हा भिडल्या. पुन्हा सुटल्या. काजलने पट काढायला हात घातला की सानिका पाय मागे टाकायची. सानिका पुढे आली की काजल मानेवर हात टाकून दाबायची. कुणालाच काही सापडेना.

ऊन उतरले होते. मोठ्या जोड्या कडेला उभ्या राहून अंग मोकळे करत होत्या. अध्यक्ष आखाड्याच्या कडेला आले आणि त्यांनी पंचांना खूण केली, बरोबरीत सोडवा. पंचांनी दोघींच्या मध्ये हात घालायला पाऊल टाकले.

"सोडवू नगा! आवं, सोडवू नगा! लागू द्या निकाल!"

आखाड्याच्या दोरीला धरून विलास निकम उभे होते. एका पायात चप्पल नव्हती. ते कधी पुढे आले ते त्यांच्या शेजारच्यांनाही कळले नव्हते. "लागू द्या म्हनतो की! आत्ता कुठं रंगात आलीया!" लोकांनी ते उचलून धरले. लागू द्या, लागू द्या. पंच मागे सरले.

काजल पुन्हा पटात आली, खूप खाली आली. सानिका तिच्यावर वरून पडली. एक हात मानेखालून गेला, दुसरा गुडघ्याखालून, आणि दोन्ही हातांची बोटे एकमेकांत अडकली. मान आणि गुडघा एकत्र, बाळाला झोळीत घालतात तसे. या डावाला झोळीच म्हणतात. काजल फिरली. पंचांनी पुन्हा अंग मातीत टाकले. मी आता उभा होतो. सरही उभे होते, माझा दंड घट्ट धरून. त्याचे वळ दुसऱ्या दिवशीही होते.

पंच उठले, धोतराची माती झटकली, आणि त्यांनी सानिकाचा हात वर केला. हलगी त्यानंतर वाजली.

काजल उठून बसली, केसांतली माती झाडली आणि म्हणाली, "आता बरं वाटतंय. पर फुडच्या जत्रंत बघते तुला."

"ये की," सानिका म्हणाली. 

मी विलास निकम यांना गाठले. बरोबरीत सुटली असती तर ती जिंकली नसती, मग बोलीप्रमाणे ती तुमच्याबरोबर सेलमला आली असती, असे त्यांना विचारले.

ते चप्पल शोधत होते. "व्हय की," ते म्हणाले. "पर त्या वक्ताला ध्यानातच आलं न्हाई."

आमच्या पानावर छापले ते असे: सानिका निकम विजयी, पराभूत काजल थोरात (कराड), चितपट, डाव झोळी. ही बातमी आली त्या दिवशी विट्याहून सेलमकडे निघालेल्या गाडीत विलास निकम एकटे होते. सानिका मगदूम सरांबरोबर सांगलीच्या एसटीत होती.